शालिक मिस्त्री आणि न बोलणारा पाइप

शालिक मिस्त्री नळ दुरुस्त करायला आले की आधी घर बंद करायचे. म्हणजे पंखे, टीव्ही, कुकर, मोटर आणि माणसं. मग उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. ओठांवर नाही, वर, हवेत, क्रिकेटमधला पंच बाद देतो तसं. ते बोट खाली येईपर्यंत घरात कोणी शिंकायचंही नाही, असा नियम होता.

आम्ही तेव्हा अकोल्याला राहायचो. बाबांची बँकेतली नोकरी, भाड्याचं घर आणि चार-पाच दिवसांनी येणारे नळ. नळाच्या दिवशी कोणाचा पाइप फुटला तर सगळ्या गल्लीवर सुतक यायचं. मग कोणीतरी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात निरोप धाडायचं आणि शालिक मिस्त्री सायकलवरून अवतरायचे. अंगात पांढरा सदरा, जो पांढरा आहे हे फक्त त्यांनाच माहीत होतं. गळ्यात दुपट्टा. हँडलला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. तिच्यात दोन पाने, करवत, खडूचा तुकडा, तंबाखूची डबी आणि हातभर लांबीची एक लोखंडी सळई. सळईचं एक टोक कानात घालून घालून गुळगुळीत झालं होतं.

त्यांना प्लंबर म्हटलेलं चालत नसे. "प्लंबर म्हंजे जो घरी येते, पाहाते, अन सामान आनाले जातो म्हनून दिवसभर येतच नाही, तो," असं ते सांगायचे. "मी मिस्त्री हावो." पाणी सुरू झाल्याशिवाय ते चहा घेत नसत. आई कप घेऊन उभी राहिली तरी "आधी पानी, मंग च्या" एवढंच. आणि गळत्यांना त्यांनी स्वभावानुसार नावं ठेवली होती. थेंब थेंब पडते ती रडकी. भिंतीच्या आतून जाते आणि शेजाऱ्याकडे निघते ती चोरटी. जी सगळ्यांना दिसते, सगळे तिच्याबद्दल बोलतात आणि तरी वर्षानुवर्षं चालू राहते, ती सरकारी.

एकदा आमच्या न्हाणीघराची भिंत ओली व्हायला लागली. आधी आलेल्या माणसाने सगळी फरशी खोदावी लागेल असं सांगून घरमालकाचा चेहरा पांढरा केला होता. शालिक मिस्त्री आले, घर बंद केलं, आणि सदऱ्यासकट न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आडवे झाले. सळईचं एक टोक फरशीवर, दुसरं कानात. बोट वर. नेमके त्याच वेळी बाहेरच्या खोलीत बाबांचे साहेब चहाला आले होते आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत होते. त्यांना बोट दिसलं नाही.

"चूप बसा बाप्पा," आतून आवाज आला. "बोलाले उभा जनम पडला हाये."

साहेब गप्प झाले. बाबा तर श्वास घ्यायचेच थांबले. मी जिन्याच्या पायरीवर बसून हे पाहत होते, आणि मला आठवतं, मला फार बरं वाटलं होतं. शाळेत मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे आणि घरी इंग्रजीत बोललं की आई टोमणा मारायची. त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले होते. इथे पहिल्यांदाच गप्प बसणं हे कोणाच्या तरी कामाचं होतं.

मिस्त्रींनी सळई तीन-चार ठिकाणी टेकवली, मग खडूने एका फरशीवर फुली मारली. तेवढी एकच फोडली. खाली सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून पाण्याची बारीक पिचकारी उडत होती.

"एकच फरशी," ते उठत म्हणाले. "दुसरी फोडा लागली तं शालिक नाव लावनार नाही." मग पायरीवर माझ्याकडे पाहून बाबांना म्हणाले, "सायेब, तुमच्या घरात ही एकटी मानूस हाये. बाकी समदे टिनाचे पत्रे. हवा आली का वाजते."

पुढे बाबांची बदली झाली, आम्ही अमरावतीला घर बांधलं, आणि मी कान तपासण्याचं शिक्षण घेऊन परत आले. मला बोलायचं जिवावर येतं. ऐकायचा धंदा बरा वाटला. घराच्याच पुढच्या खोलीत दवाखाना काढला. भिंतींना फोम लावला, दाराला रबरी पट्टी बसवली, रुग्णाच्या आणि माझ्या मधे काच घातली. रुग्णाला हेडफोन लावून बसवायचं, मी बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. या कामाला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे शांतता.

त्याच महिन्यात बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी माशांची टाकी आणली.

साधी टाकी नव्हे. मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ पाहून त्यांनी ठरवलं होतं की टाकीखालच्या कपाटात दुसरी एक टाकी असली पाहिजे. तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपातून खाली संपात उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. आईला मासे आवडत नाहीत, टाकीतही नाहीत आणि ताटातही नाहीत. ती एकदा पाहून आत निघून गेली. टाकी नेमकी माझ्या दवाखान्याच्या भिंतीला लागून ठेवली होती, आणि पाणी खाली उतरताना ते कोणीतरी पोटभर जेवून ढेकर देत असल्यासारखं वाजायचं. दर दोन मिनिटांनी एक मोठा ढेकर, मधे बारीकसारीक.

अकोटहून आलेल्या एका आजोबांनी हेडफोनमध्ये काहीच नसताना सात वेळा बटण दाबलं. मी विचारलं, काय ऐकू आलं? ते म्हणाले, "कोनाचं तरी पोट बिघडलं हाये."

"टाकी हलवा," मी बाबांना म्हणाले.

"पाण्यासकट? त्यापेक्षा शालिकला बोलावतो."

"अमरावतीत प्लंबर नाहीत का?"

"आहेत," बाबा म्हणाले. "पण ते प्लंबर आहेत."

शालिक मिस्त्री एसटीने आले. वय झालं होतं, सदऱ्याचा पांढरेपणा आता त्यांच्यापुरताही उरला नव्हता, पण पिशवी तीच होती. टाकीसमोर ते बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मासे कोनते?"

"गोल्डफिश," बाबा अभिमानाने म्हणाले.

"कितीक?"

"सहा."

"सा माशायले एवढं पानी. अन तेबी फिल्टरचं." त्यांनी टाकीत वाकून पाहिलं. "पुढच्या जन्मी अकोल्यात मानूस नाही, अमरावतीत तुमच्या घरी मासा व्हाचं."

मग घर बंद झालं, बोट वर गेलं, आणि मला क्षणभर पुन्हा पायरीवर बसावंसं वाटलं. त्यांनी पाइपावर हात ठेवला, सळई लावली, आणि निदान केलं. "सायेब, आवाज पान्याचा नसते, हवेचा असते. पाइप अर्धा खाली हाये. पानी पडता पडता हवा गिळते, अन खाली जाऊन ढेकर देते. पाइप तोंडापावतर भरून चालला तं हूं नाही का चूं नाही."

बाबांच्या व्हिडिओतल्या माणसाने हे सांगायला चाळीस मिनिटं घेतली होती.

त्यांनी एकाचे दोन पाइप केले. पहिल्याच्या तळाशी फिरकीच्या चाकाचा गेट व्हॉल्व्ह बसवला. "चाक आवळून पाइपाचा गळा धरला का पानी आत तुंबून राह्यते, पाइप भरूनच चालते." दुसरा पाइप थोडा उंच आणि मोकळा ठेवला, पहिल्याला झेपणार नाही ते थोडंसं पाणी त्याच्या कडेने ओघळून उतरणार, आणि कधी पहिल्यात कचरा अडकला तर हा सगळं पाणी घेणार, म्हणजे घरात पूर येणार नाही. दोन्ही पाइपांची टोकं संपाच्या पाण्यात इंचभरच बुडवली. संध्याकाळपर्यंत काम चाललं. त्या वेळात त्यांचा मोबाइल पिशवीत चार वेळा किर्रकिर्र वाजला. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, कामात आहेत.

शेवटी त्यांनी पंप सुरू केला, चाक फिरवत फिरवत आवळलं. ढेकर बंद झाला. त्यांनी बोट वर केलं, आम्ही श्वास रोखला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच जुनं हसू आलं.

"आता बोला."

ढेकर नव्हता, हे खरं. पण एक बारीक, उंच आवाज होता, सीऽऽ असा, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. चाक जरासं सैल राहिलं होतं आणि पाइप वरून अजून थोडी हवा ओढत होता. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनाही ऐकू येत होता. आम्ही दोघांनी शालिक मिस्त्रींकडे पाहिलं. ते कौतुकाची वाट पाहत होते.

"वा!" बाबा म्हणाले. "वा, शालिकराव, वा!"

मी फरशीकडे पाहिलं. तो माझा नेहमीचा मार्ग आहे.

मिस्त्रींनी मग त्यांची पद्धत पाळली. काम झालं की व्हॉल्व्हचं चाक काढून ते स्वतःच्या पिशवीत टाकायचे, म्हणजे घरातला कोणी शहाणा ते फिरवायला नको. "लागलं तं बलावजा," म्हणाले, चहा घेतला, आणि शेवटच्या आधीच्या गाडीने गेले.

दुसऱ्या दिवशी एक शिक्षिकाबाई तपासणीला आल्या. पाच मिनिटांनी हेडफोन काढून त्यांनी नाक वर करून हुंगलं आणि मला विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडे सिलिंडर लीक आहे का?"

त्याच आठवड्यात अकोल्याच्या जुन्या घरमालकांचा बाबांना फोन आला. बोलता बोलता ते म्हणाले की शालिकचं आता काही खरं नाही. परवा त्याने त्यांच्या स्वयंपाकघरात चार फरश्या फोडल्या. गळती सापडली नाही. पाचवीवर फुली मारली तेव्हा घरमालकांनीच हात धरला. गल्लीत आता दुसऱ्याला बोलावतात.

बाबांनी फोन ठेवला. मला सगळं एकदम कळलं: वाजत राहिलेला मोबाइल, ती सीऽऽ, चार फरश्या. चाळीस वर्षं कानाशेजारी छन्नी-हातोडा चालवणाऱ्या माणसाचे आधी उंच आवाज जातात. ढेकर त्यांना ऐकू येत होता. सीऽऽ येत नव्हती. आणि जमिनीखाली फुटलेला पाइप ढेकर देत नाही, तो सीऽऽच करतो.

"तू सांग त्यांना," बाबा म्हणाले. "तुझा विषय आहे."

"तुम्ही सांगा. 'वा वा' तुम्ही म्हणालात."

"मी काय सांगू? त्या माणसाजवळ कानाशिवाय आहे काय?"

म्हणूनच तर मला सांगायचं नव्हतं. पण न सांगितलं तर ते पाचवी, सहावी, सातवी फरशी फोडत जाणार होते, आणि मग कोणीच बोलावणार नव्हतं. मी फोन केला. त्यांच्या सुनेने उचलला. मिस्त्री दोन दिवसांनी आले.

"काका," मी म्हणाले, "जरा आत बसून बघा ना, हेडफोन लावून, टाकीचा आवाज खोलीत येतो का." हे खोटं होतं आणि मी ते अत्यंत शुद्ध मराठीत बोलले. "मी बारीक आवाज सोडीन. ऐकू आला की बटण दाबा. म्हणजे खोलीची परीक्षा होईल."

"खोलीची," ते म्हणाले आणि बसले.

खालच्या पट्टीतले आवाज सोडले तेव्हा त्यांनी बटण असं दाबलं की तुटेल की काय वाटलं. मग मी वर वर जात गेले. बटण थांबलं. ते समोर पाहत बसले, न आलेल्या एसटीची वाट पाहणाऱ्या माणसासारखे कठोर. मी आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. नाही. मग अचानक बटण बरोबर वेळेवर यायला लागलं, प्रत्येक वेळी. माझ्या लक्षात आलं, ते काचेतून माझ्या बोटाकडे पाहत होते. मी त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली. बटण पुन्हा थांबलं.

"तुयी मशीन बिगडली," ते भिंतीला म्हणाले.

मी तपासणीच्या आलेखाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. डावीकडून रेघ सरळ येते आणि मधून जी घसरते ती खाली कोपऱ्यात जाते. मला समजावून सांगता येईना. त्यांनीच कागद हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला.

"हा उतार कोनं देल्ला?" त्यांनी विचारलं. "एवढा उतार तं मी मोरीलेबी देत नाही."

 त्यांनी रेघेवरून नख फिरवलं, जिथे ती घसरायला लागते तिथे थांबवलं.

"फरशीखालची गळती इथं वाजते?"

"त्याच्याही पुढे," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी घातली, तंबाखूच्या डबीत ठेवली. दारात थांबून म्हणाले, "कोनाले सांगजो नको." आणि चहा न घेता गेले. ऐकायच्या मशीनचा उपाय आहे, कानात बसतं, दिसत नाही, हे सगळं मी त्यांच्या पाठीला सांगितलं. पाठीला ऐकू आलं नसावं.

महिना गेला. ते आले नाहीत, फोन उचलला नाही. बाबांनी एकदा पक्कड घेऊन व्हॉल्व्हचा दांडा स्वतः फिरवायचा प्रयत्न केला. टाकी अशी गर्जली की सहाही गोल्डफिश एका कोपऱ्यात जमा झाले. बाबांनी दांडा कसाबसा परत आणला आणि या घटनेचा उल्लेख करू नये असं आम्हाला सांगितलं.

मग एका सोमवारी सकाळी बाकावर रुग्णांच्या रांगेत शेवटी एक माणूस बसलेला दिसला. दुपट्टा कानांवरून गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारलेली, सकाळच्या सावलीतही. अमरावतीत त्यांना ओळखणारं आम्ही तिघं सोडून कोणी नव्हतं, पण खबरदारी पूर्ण होती. आईने चहा आणला तर तिलाही ओळख दाखवली नाही. नंबर आला तसे ते आत आले.

"नाव काय लिहू?" मी हळूच विचारलं.

"कायबी लिही. गोपाल लिही."

माझ्या फायलीत ते आजही गोपाल आहेत.

मी दोन्ही कानांना मशीन बसवलं, त्यांच्या रेघेप्रमाणे जुळवलं, आणि सुरू केलं. ते दचकले. पिशवीला हात लावला, ती खसखसली, तर तिच्याकडे संशयाने पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. माझी लेखणी कागदावर चालली तर म्हणाले, "किती बोंबलते ते." मग त्यांची मान हळूहळू भिंतीकडे वळली. बोट वर गेलं.

ते उठून दिवाणखान्यात गेले. बाबा माशांना खायला घालत होते, ते तसेच चिमूट वर धरून थांबले. मिस्त्रींनी कपाट उघडलं, कान पाइपापाशी नेला.

"हे कवापासून हाये?"

"तुम्ही बसवल्यापासून," मी म्हणाले.

"पैल्या दिवसापासून?"

"हो."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. "सायेब. तुमी तं वा वा म्हनलं होतं. तीनदा म्हनलं होतं, मी मोजलं." बाबांनी चिमूट खाली केली. "दोघंबी शिकले-सवरलेले, अन मले येड्यावानी गाडीत बसवून देल्लं? पाइप चुकला तं मले सांगाचं, कान चुकला का नाही ते मायं मी पाहीन!"

बाबा सॉरी म्हणाले. त्या माणसाने मला कधीकाळी घरातलं एकमेव माणूस म्हटलं होतं आणि मी पत्र्याएवढीही वाजले नव्हते.

मिस्त्रींनी पिशवीतून चाक काढलं. महिनाभर ते तिथेच होतं. दांड्यावर बसवलं आणि केसभर आवळलं. थांबले. पाणी दुसऱ्या पाइपाच्या कडेपर्यंत चढायला वेळ लागतो. तेवढा वेळ ते ऐकत राहिले. मग आणखी केसभर. सीऽऽ बारीक झाली, दोऱ्याएवढी झाली. आणखी केसभर, आणि ती तुटली. बोट वरच होतं. आम्ही तिघं उभे राहिलो. टाकीतलं सगळं पाणी खाली जात होतं आणि वर येत होतं, आणि खोलीत काहीही नव्हतं.

बोट खाली आलं. या वेळी बाबांनी तोंड उघडलं नाही.

"आता च्या," मिस्त्री म्हणाले.

जाताना त्यांनी सवयीने चाक काढलं, पिशवीकडे नेलं, आणि मग माझ्या हातात दिलं. "तुयाजवळ ठेव. सायबाच्या हाती देजो नको. त्यायनं पक्कड लावली होती, दांड्यावर दात हायेत." बाबा माशांकडे पाहत राहिले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. तपासणी शिबिरासाठी अकोल्याला गेले होते, परत येताना जुन्या शहरातून रिक्षा चालली होती. एका बोळाच्या तोंडाशी गर्दी दिसली आणि रिक्षावाल्याने स्वतःहून इंजिन बंद केलं. अकोल्यात असं होत नाही. मी उतरून पाहिलं.

एका घराच्या ओसरीवर शालिक मिस्त्री आडवे झाले होते. सदरा तोच. कानांवर दुपट्टा. सळई मात्र पिशवीतच होती. दुपट्ट्याखालचा, मी मशीन बसवलेला कान त्यांनी नुसताच फरशीवर टेकवला होता. बोट हवेत. पंधरा-वीस माणसं, दोन बकऱ्या आणि एक भाजीवाली, सगळी गप्प. त्यांनी डाव्या हाताने खडू घेतला आणि एका फरशीवर फुली मारली. घरमालक घण घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

तेवढ्यात त्यांना मी दिसले. गर्दीतून कोणीतरी विचारलं, "कोन हाय हो ते बाई, मिस्त्री?"

मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिले, आणि बोट खाली केलं नाही.

मी ओठ मिटले. घण पडला. एकच फरशी फुटली, आणि खालून पाणी बाहेर आलं.